नऊ सॅकचा हिशेब: ॲरन डोनाल्डच्या पहिल्या हंगामाचा प्रकरण अभ्यास

८ मे २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी विद्यापीठांतले नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याची, पहिली फेरी झाली आणि त्या फेरीत सेंट लुइस रॅम्स या संघाचे नाव दोनदा पुकारले गेले. दुसऱ्या क्रमांकाची निवड त्यांच्याकडे वॉशिंग्टनशी दोन वर्षांपूर्वी झालेल्या देवघेवीतून आलेली होती. ती त्यांनी ऑबर्न विद्यापीठाच्या ग्रेग रॉबिन्सनवर खर्च केली. आक्रमण करणाऱ्या संघाच्या आघाडीवर टॅकल म्हणून खेळणारा हा तरुण सहा फूट पाच इंच उंच होता, वजनाने दीडशे किलो होता आणि तरीही चाळीस यार्डांचे अंतर पाच सेकंदांच्या आत पळत होता. त्यानंतर तेराव्या क्रमांकावर, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या जागेवर, रॅम्सने पिट्सबर्ग विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या आघाडीवर मधोमध खेळणारा, ॲरन डोनाल्ड याची निवड केली. त्याची उंची सहा फूट एक इंचाला जेमतेम टेकत होती आणि वजन २८५ पौंड, म्हणजे साधारण १२९ किलो होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा देह अवाढव्यच आहे, परंतु ज्या जागेवर तो खेळणार होता तिथे १३५ ते १४५ किलोंचे आणि त्याच्यापेक्षा तीन-चार इंच उंच असलेले खेळाडू सर्रास असतात.

रॉबिन्सनच्या बाबतीत शरीराने कामगिरीतली उणीव झाकली होती. त्याचा विद्यापीठ संघ मुख्यतः चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारा असल्याने, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करताना तो फारसा पारखला गेलेला नव्हता. डोनाल्डच्या बाबतीत नेमके उलट घडले आणि कामगिरीने शरीरातली उणीव झाकली. एकाच संघाने, एकाच संध्याकाळी, दोन निरनिराळ्या तर्कांवर विसंबून या निवडी केल्या. इथे अभ्यासायचा आहे तो दुसरा तर्क. प्रश्न असा मांडता येईल: जानेवारी २०१५ मध्ये, डोनाल्डचा पहिला हंगाम संपल्यावर, त्याच्या भवितव्याबद्दल प्रामाणिकपणे किती सांगता येत होते आणि ते कोणत्या पुराव्यावर?

जागा आणि तिचे काम

रॅम्सची बचावाची रचना चार-तीनची होती, म्हणजे आघाडीवर चार जण आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. आक्रमणाच्या फळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल उभे असतात. बचावाच्या मधल्या दोन टॅकलपैकी एक जण समोरच्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहतो. या जागेला थ्री-टेक्निक म्हणतात आणि डोनाल्डची जागा हीच होती. समोरचा गार्ड आणि आक्रमणाचा टॅकल यांच्यामधली एक फट ही त्याची जबाबदारी असते. चेंडू सेंटरच्या हातून मागे जाताच, म्हणजे स्नॅप होताच, त्याने त्या फटीतून आत घुसायचे असते. समोरच्या दोघांना अंगावर घेऊन नुसते अडून राहणे हे त्याचे काम नव्हे, ते शेजारच्या टॅकलकडे असते. रॅम्समध्ये मायकेल ब्रॉकर्स हा सहा फूट पाच इंचांचा दांडगा गडी ते करत असे.

या जागेचे महत्त्व अंतरात आहे. बाजूने येणाऱ्या एंडला, म्हणजे बचावाच्या फळीच्या टोकावरच्या खेळाडूला, वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत जावे लागते आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकला तर तो वळसा वाया जातो. मधून येणाऱ्याला वळसा नसतो, शिवाय तो पुढे सरकण्याची ती जागाच बंद करतो. मात्र मधल्या गर्दीत हातांना आणि पायांना फारशी मोकळीक मिळत नाही, पहिली झटापट पाव-अर्ध्या सेकंदात संपते आणि दुसऱ्या बाजूने सेंटर मदतीला येण्याची टांगती तलवार कायम असते. म्हणून मधून येऊन सातत्याने क्वार्टरबॅकला गाठणारे खेळाडू दुर्मीळ असतात.

उंची आणि वजनाचा निकष या जागेला का लावला जातो, हेही समजून घेतले पाहिजे, कारण तो निव्वळ मूर्खपणा नाही. दोन अवजड खेळाडू एकाच वेळी एकाला रेटू लागले तर हलका माणूस मागे फेकला जाण्याची शक्यता अधिक असते, आणि धावता आक्रमण करणारा संघ नेमकी तीच जागा हेरून तिथून वाट काढतो. पण वजन हा या क्षमतेचा केवळ ढोबळ अंदाज आहे, प्रत्यक्ष क्षमता नव्हे. कुस्ती पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. खालून शिरणारा मल्ल आपल्यापेक्षा जड गड्याचे पाय जमिनीवरून उचलू शकतो, कारण जोर कुठून लागतो याला तिथे किंमत असते. डोनाल्डची कमी उंची त्याला स्नॅपनंतर आपोआप समोरच्याच्या छातीखाली नेत असे. शिवाय झटापटीत खरा उपयोग असतो तो हातांच्या लांबीचा. लांब हातांचा माणूस समोरच्याला अंगाला भिडू न देता दूर ठेवतो. डोनाल्डचे हात साडेबत्तीस इंचांहून थोडे अधिक होते, म्हणजे त्याच्या उंचीच्या मानाने चांगलेच लांब. उंचीचा आक्षेप घेणाऱ्यांनी चुकीची फूटपट्टी धरली होती, असे माझे मत आहे, आणि योग्य फूटपट्टीचे आकडे त्याच कागदावर शेजारीच छापलेले होते.

ड्राफ्टपूर्वीचा पुरावा

डोनाल्ड पिट्सबर्गचाच. पेन हिल्स या उपनगरातल्या शाळेत तो खेळला, आणि वडिलांबरोबर पहाटे साडेचारला उठून घराच्या तळघरात व्यायाम करण्याची सवय त्याला किशोरवयातच लागली. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्यामागे रांग लावली नव्हती. चार वर्षे तो घरच्याच विद्यापीठात खेळला आणि त्यातल्या शेवटच्या, २०१३ च्या हंगामात त्याने ११ सॅक केल्या, म्हणजे क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडले, तर सॅक धरून २८.५ वेळा चेंडूधारकाला मूळ रेषेच्या, म्हणजे चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या, मागेच पाडले (दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा प्रसंग लागतो). जॉर्जिया टेकविरुद्धच्या एकाच सामन्यात असे सहा प्रसंग होते. त्या वर्षी नागुर्स्की, बेडनारिक, आउटलँड आणि लोम्बार्डी हे चारही मानाचे पुरस्कार त्याने मिळवले.

या आकड्यांपेक्षाही मला त्यांची पार्श्वभूमी बोलकी वाटते. पिट्सबर्गचा तो संघ मोठा नव्हता. त्या हंगामात त्यांनी सात सामने जिंकले आणि सहा हरले. अशा संघात एकच असा बचावपटू असेल, तर प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाची आठवड्याची सगळी आखणी त्याच्याभोवतीच होणार. म्हणजे दोघांनी मिळून रेटल्यावर हा टिकेल का, या शंकेचे निदान विद्यापीठ पातळीवरचे उत्तर आधीच मिळालेले होते. जे मोठ्या संघांतून येतात, ज्यांच्या दोन्ही बाजूंना भावी व्यावसायिक खेळाडू उभे असतात, त्यांच्या आकड्यांबद्दल असे म्हणता येत नाही.

जानेवारीत अलाबामातील मोबील येथे सीनियर बोल या विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात त्याने एकास एक झटापटीत समोरच्यांना वारंवार हरवले, आणि फेब्रुवारीत इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांत, चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत धावून २२५ पौंडांचा भार ३५ वेळा उचलला. एवढे झाल्यावरही बारा संघांनी त्याला सोडून दुसऱ्याला निवडले. त्यांतल्या प्रत्येक संघाला दोष देता येणार नाही, कारण पाचव्या क्रमांकाचा खलील मॅक आणि बाराव्या क्रमांकाचा ओडेल बेकहॅम यांची नावे त्याच यादीत आहेत. इथे लक्षात घेण्यासारखे हे की कम्बाइनचे आकडे एकटे फारसे काही सांगत नाहीत. २००८ मध्ये व्हर्नन घोल्स्टन या ओहायो स्टेटच्या खेळाडूने तोच भार ३७ वेळा उचलला होता, न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले, आणि जेट्सकडच्या तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागली नाही. डोनाल्डच्या बाबतीत कम्बाइनचे आकडे उपयोगी पडले ते वेगळ्या अर्थाने. चित्रफितीत जो वेग दिसत होता तो कमकुवत प्रतिस्पर्ध्यांमुळे भासत होता की खरोखरच होता, एवढ्या एकाच शंकेचा त्यांनी निकाल लावला.

पहिला हंगाम

२०१४ चा हंगाम रॅम्ससाठी वाईट गेला. १६ पैकी सहा सामने जिंकले. सलामीलाच मिनेसोटाने त्यांना घरच्या मैदानावर ३४-६ असे हरवले. त्याच सामन्यात डाव्या एंडचा अनुभवी ख्रिस लाँग घोट्याला दुखापत होऊन बाहेर गेला आणि त्याला हंगामातले दहा सामने मुकावे लागले. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट क्विन होता, ज्याने आदल्या वर्षी १९ सॅक केल्या होत्या. तरीही पहिल्या पाच सामन्यांत संपूर्ण संघाच्या नावावर एकच सॅक होती. जी फळी या संघाची शान समजली जात होती, तीच नवख्या खेळाडूच्या आगमनानंतर बोथट झाल्यासारखी दिसत होती. ऑक्टोबरच्या मध्यावर डोनाल्डबद्दल निकाल देणाऱ्याने तो काय दिला असता, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे.

डोनाल्ड सुरुवातीला राखीव म्हणून मैदानात येत होता. पहिल्या चार सामन्यांनंतर त्याला सुरुवातीच्या अकरांत स्थान मिळाले आणि उरलेले बाराही सामने त्याने पहिल्यापासून खेळले. हंगाम पुढे सरकला तशी ती फळीही सुधारली. नोव्हेंबरच्या शेवटी रॅम्सने ओकलंडला ५२-० असे आणि पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनला २४-० असे हरवले, म्हणजे सलग दोन संघांना एकही गुण करू दिला नाही. हंगामाअखेर डोनाल्डच्या नावावर नऊ सॅक होत्या आणि १८ वेळा त्याने चेंडूधारकाला मूळ रेषेमागे पाडले होते. प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, त्याची निवड झाली, आणि वर्षातला सर्वोत्तम नवखा बचावपटू हा किताबही त्यालाच मिळाला.

नऊचे काय करायचे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डिफेन्सिव्ह टॅकलने पहिल्याच वर्षी नऊ सॅक करणे ही मोठी गोष्ट आहे, पण मोठी गोष्ट म्हणजे भाकीत नव्हे. हंगामभरात असा खेळाडू क्वार्टरबॅकवर काही शे वेळा चाल करतो आणि त्यांतले आठ-दहा प्रसंग सॅक म्हणून नोंदले जातात. इतक्या छोट्या संख्येत दोन-तीन प्रसंग इकडचे तिकडे होणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. क्वार्टरबॅकने चेंडू जास्त वेळ हातात ठेवला, शेजाऱ्याने त्याला आपल्याकडे हाकलले किंवा गार्डचा पाय घसरला, तरी नोंदवहीत सॅक एकसारखीच लागते.

जुनी उदाहरणे पाहिली की हा आकडा किती निसरडा आहे ते कळते. जेव्हॉन कीअर्स या टेनेसीच्या एंडने १९९९ मध्ये पहिल्याच हंगामात १४.५ सॅक केल्या आणि पुढच्या सगळ्या कारकिर्दीत तो आकडा त्याला पुन्हा गाठता आला नाही. जे. जे. वॉटने २०११ मध्ये ५.५ केल्या आणि दुसऱ्या वर्षी २०.५. जीनो अॅटकिन्स, जो बांध्याने डोनाल्डला सर्वांत जवळचा, तो २०१० मध्ये चौथ्या फेरीपर्यंत घसरला, पहिल्या वर्षी तीनच सॅक करू शकला आणि तिसऱ्या वर्षी १२.५ वर पोहोचला. २०१३ मध्ये डोनाल्डप्रमाणेच तेराव्या क्रमांकावर आलेल्या शेल्डन रिचर्डसनने ३.५ सॅकवर सर्वोत्तम नवखा बचावपटू हाच किताब मिळवला होता. आणि २०१४ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक असलेला जेडेव्हियन क्लाउनी गुडघ्याच्या दुखण्यामुळे चार सामने खेळून शून्यावर राहिला. त्याच्या त्या शून्याचा अर्थ काहीच लागत नव्हता.

तेव्हा आकडा बाजूला ठेवून विचारायचे असते ते असे: हे यश कशाने मिळाले आणि ते कारण पुढच्या वर्षीही त्याच्याजवळ राहणार आहे का? यासाठी प्रक्षेपण पुरेसे नसते, कारण दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि मधल्या फळीतली झटापट कडेला ढकलतो. संघांकडे बावीसही खेळाडू एका चौकटीत दिसतील असे चित्रण असते आणि खरी पारख त्यावर होते. त्यात डोनाल्डच्या बाबतीत तीन गोष्टी वारंवार दिसत. पहिली म्हणजे स्नॅपवरचा त्याचा प्रतिसाद. गार्डचा मागचा पाय टेकण्याआधी त्याचे पहिले पाऊल पडलेले असे. दुसरी त्याचे हात. समोरच्याचे हात छातीवर बसण्याआधीच तो ते मनगटाशी झटकून टाकी, आणि उजवीकडून किंवा डावीकडून, दोन्ही बाजूंनी हे करू शके. ही दुसरी गोष्ट नवख्यांत विरळा असते. विद्यापीठात वेग आणि ताकद यांवर निभावून जाते, म्हणून बहुतेक तरुण एकच डाव घेऊन व्यावसायिक खेळात येतात आणि ऑक्टोबरपर्यंत तो डाव सगळ्यांना कळलेला असतो. तिसरी गोष्ट, पहिला डाव फसल्यावर तो थांबत नसे. त्याच हालचालीतून दुसरी हालचाल सुरू होई आणि कितीतरी वेळा क्वार्टरबॅकला चेंडू घाईने टाकून द्यावा लागे. अशा प्रसंगांची सॅकमध्ये गणती नसते, पण भाकितासाठी तेच अधिक मोलाचे असतात, कारण ते संख्येने जास्त असतात आणि नशिबावर कमी अवलंबून असतात.

मूळ रेषेमागे पाडण्याच्या त्या १८ प्रसंगांपैकी जे सॅक नव्हते, त्यांनाही इथे वजन आहे. हलका खेळाडू धावत्या आक्रमणात चिरडला जाईल, ही ड्राफ्टपूर्वीची मुख्य भीती होती. डोनाल्ड रेटारेटीत सापडण्याआधीच फटीतून आत गेलेला असे, त्यामुळे ज्या परीक्षेत तो नापास होईल असे वाटत होते, ती परीक्षा द्यायची वेळच त्याच्यावर कमी येत होती. हे उत्तर पूर्ण नव्हते, पण ते खोटेही नव्हते.

जे आक्षेप जानेवारी २०१५ मध्ये खरे होते

त्याच्या बाजूने सगळे लिहून झाल्यावर उरलेल्या शंका प्रामाणिकपणे मांडायला हव्यात, आणि त्या किरकोळ नव्हत्या. त्याच्या भोवतीची फळी पहिल्या फेरीतल्या खेळाडूंनी भरलेली होती. लाँग २००८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर, क्विन २०११ मध्ये आणि ब्रॉकर्स २०१२ मध्ये चौदाव्या क्रमांकावर निवडले गेले होते. क्विन एका टोकाला असताना आणि ब्रॉकर्स शेजारी दोघांना अडकवत असताना, डोनाल्डला एकास एक लढत मिळण्याची शक्यता वाढत होती. पिट्सबर्गमध्ये तो प्रतिस्पर्ध्यांच्या आखणीचा केंद्रबिंदू होता; व्यावसायिक खेळात पहिल्या वर्षी तो तसा नव्हता. शिवाय त्याची जागा एका विशिष्ट रचनेला साजेशी होती. प्रशिक्षक बदलला, तीन-चारची रचना आली आणि त्याला दोन फटी सांभाळत अडून राहायला सांगितले तर काय, या प्रश्नाला २०१४ च्या चित्रफितीत उत्तर नव्हते. वयाचा मुद्दाही काढला जाई. चार वर्षे विद्यापीठात खेळून आल्याने तो तेवीस वर्षांचा होता, म्हणून त्याच्यात वाढीला वाव कमी, असा तो तर्क. मला हा आक्षेप सर्वांत दुबळा वाटतो, कारण हात वापरण्याचे कौशल्य वयाबरोबर आटत नाही, उलट मुरते.

त्या वेळचा योग्य निष्कर्ष म्हणून मी असा लिहिला असता: चार-तीनच्या रचनेत, सध्याच्या साथीदारांबरोबर, तो पुढची काही वर्षे आपल्या जागेवरच्या पहिल्या चार-पाच खेळाडूंत राहील, याची खात्री जवळपास पूर्ण आहे. त्यापुढचे, म्हणजे प्रतिस्पर्धी त्यालाच लक्ष्य करू लागल्यावर आणि रचना बदलल्यावर तो असाच राहील का, हे खुले आहे, मात्र विद्यापीठातला पुरावा त्याच्या बाजूने झुकतो. या निष्कर्षात इतिहासातला सर्वश्रेष्ठ वगैरे शब्द येत नाहीत, आणि ते यायलाही नको होते. पुढे काय झाले हे ठाऊक असताना मागे वळून असे शब्द पेरणे सोपे असते.

पुढे काय झाले

दुसऱ्या वर्षी ११ सॅक झाल्या आणि तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, आठ. म्हणजे नवखा असतानापेक्षा एक कमी. रॅम्स तोवर लॉस एंजेलिसला गेले होते आणि त्या वर्षी त्यांनी चारच सामने जिंकले. निव्वळ आकडा पाहणाऱ्याला ती घसरण वाटली असती, पण तोवर त्याच्यावर दोघांना लावणे ही प्रतिस्पर्ध्यांची नेहमीची रीत झाली होती. २०१७ मध्ये वेड फिलिप्स बचावाचे सूत्रधार म्हणून आले आणि त्यांनी तीन-चारची रचना आणली, म्हणजे जो प्रश्न खुला राहिला होता तो आता समोर उभा ठाकला. कराराच्या वादामुळे सरावाला मुकलेल्या डोनाल्डने त्या हंगामात १४ सामन्यांत ११ सॅक केल्या आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. फिलिप्स यांनी त्याला दोन फटींत अडकवले नाही, त्याचे आत घुसणे कायम ठेवले, हे इथे नमूद केले पाहिजे. म्हणून त्या शंकेचे उत्तर अर्धेच मिळाले असेही म्हणता येईल. २०१८ मध्ये २०.५ सॅक, तोच किताब पुन्हा, आणि २०२० मध्ये तिसऱ्यांदा. दहा हंगाम, दहाही वेळा प्रो बोल, एकूण १११ सॅक, आणि मार्च २०२४ मध्ये निवृत्ती. ग्रेग रॉबिन्सनला रॅम्सने २०१७ च्या उन्हाळ्यात सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकले होते.

सॅक या मापाबद्दल वर जे लिहिले, त्याचा उत्तम नमुना १३ फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, पाहायला मिळाला. सामना संपत आला होता, रॅम्स २३-२० असे पुढे होते आणि दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी दोन संपल्यावर सिनसिनाटीला एका यार्डाची गरज होती. तिसऱ्या प्रयत्नात सिनसिनाटीचा समाजे पेराइन चेंडू घेऊन आत घुसला, तेव्हा डोनाल्डने त्याला जागेवरच धरले. चौथ्या प्रयत्नात त्याने गार्डला बाजूला सारून क्वार्टरबॅक जो बरोला कमरेत मिठी घातली आणि गरकन फिरवले. पडता पडता बरोने चेंडू कसाबसा हातातून सोडला आणि तो कोणाच्याच हाती लागला नाही. विजेतेपद तिथेच निश्चित झाले. अधिकृत नोंदीत तो प्रसंग अपूर्ण पास म्हणून लिहिला गेला आहे.